सगळ्यांत मागे हसूदादा

हसूदादानं आठ सीझन सायकल चालवली आणि त्यात एकाही माणसाला मागे टाकलं नाही. शर्यत जिंकलेल्याला नसतो एवढा माज त्याला या गोष्टीचा होता. आमच्या ग्रुपात आठ जण. सात पुढे, एक मागे. मागचा तो. ‘पुढं जायला काय लागते? तंगड्या लागतात,’ तो म्हणायचा. ‘मागं ऱ्हायाला अक्कल लागते.’ तंगड्या त्याच्याकडे उत्तम होत्या. अकलेचं पुढे सांगते.

बोनकोडे हे कोपरखैरण्याच्या पोटातलं जुनं गाव. चहूबाजूंनी सेक्टर झाले, पण गाव आपलं मधे मांडी घालून बसलं आहे. गल्ल्या एवढ्या अरुंद की दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन समोरासमोर आल्या तर एकीला माघार घ्यावी लागते. हसूदादाचं पूर्ण नाव हसूराम. बापाची भातशेती सेक्टरांत गेली आणि त्याच्या वाट्याला चार मजल्यांची इमारत, भाडेकरू आणि भरपूर रिकामा वेळ आला. रिकाम्या वेळेचं गावातल्या बाकीच्यांनी काय केलं ते मी सांगत नाही, मला रोज त्याच गल्लीतून जायचं असतं. हसूदादानं साठीला टेकता टेकता सायकल घेतली. बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची. ते हँडल बघून त्यानं तिचं नाव ‘मेंढा’ ठेवलं, आणि ती बाईसायकल असूनही तिला कायम ‘यो’ म्हटलं.

मी मूळची कराडची. राहते कोपरखैरण्यात, काम करते नेरूळच्या एका कॉलेजच्या ऑफिसात. चाळिशी उलटल्यावर डॉक्टरांनी साखरेचं नाव काढलं, म्हणून मीही सायकल घेतली. पहिल्याच रविवारी बोनकोड्याच्या नाक्यावर पडले ती थेट हसूदादाच्या पायाशी. तो टपरीवर चहा पीत होता. त्यानं कप काही खाली ठेवला नाही.

‘बाय, चालवता कोनालाबी येते,’ तो म्हणाला. ‘तुना थांबता येते का?’

नाही येत, मी म्हणाले.

‘मंग आधी थांबायला शीक.’

पुढचा अर्धा तास त्यानं मला भर नाक्यावर नुसतं थांबायला शिकवलं. येणारे-जाणारे बघत होते आणि तो प्रत्येकाला ‘शिकते हाय, शिकते हाय’ म्हणून सांगत होता. म्हणजे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांनाही कळलं. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणते आणि तो मला बाय. माझं नाव त्यानं कधी विचारलं नाही. आजही त्याला ते माहीत असेल असं मला वाटत नाही.

आमचा सीझन दसऱ्याला उघडायचा आणि महाशिवरात्रीला मिटायचा. हे कॅलेंडर हसूदादाचं. पावसात खड्डे दिसत नाहीत आणि होळीनंतर नवी मुंबईत सायकल चालवणं म्हणजे स्वतःला उकडून घेणं. मधले चार-पाच महिने मात्र देवानं सायकलवाल्यांसाठी काढून ठेवलेले. दिवाळी सरली की पहाटे सव्वापाचला खाडीवरून जरा बरा वारा यायला लागतो. डिसेंबरात इथे जी थंडी पडते तिला आमच्या कराडात थंडी म्हणत नाहीत, पंखा बंद केला असं म्हणतात. हसूदादा तेवढ्यासाठी हेल्मेटखाली कानटोपी घालायचा. अंगाला चिकटणारी, बुडाशी गादी शिवलेली सायकलची चड्डी त्यानं घेतली होती, पण तिच्यावरून तो गुडघ्यापर्यंतची फुलाफुलांची बर्म्युडा चढवायचा. त्याच्या बायकोची, बेबीवहिनीची, तशी अटच होती. ‘सायकल चालव, दर्यात जा, कुठं पन जा,’ ती म्हणायची, ‘पन नुसता लंगोट लावून माजे भाडेकरूंचे समोरून जायाचं नाय.’

दसऱ्याला गावदेवीच्या देवळापुढे सायकलींची पूजा व्हायची. झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ, आणि चाकाखाली लिंबू. गाडी घेतली की पहिल्यांदा लिंबावरून न्यायची, ही रीत आपल्याकडे ट्रकपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांना लागू आहे. पण ट्रकच्या चाकाखाली लिंबू चिरडतं. आमच्या सायकलींची टायरं बोटभर रुंद आणि गुळगुळीत. हे आठांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, आणि आमच्यात दोन इंजिनियर होते.

त्यातला एक आशुतोष. पुण्याचा, ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काहीतरी करणारा. त्याचा मान पहिला, कारण त्याची सायकल नवीकोरी. देवीला नमस्कार करून त्यानं पायडल दाबलं. लिंबू फुटलं नाही, सरकलं. चाक एकीकडे गेलं, आशुतोष दुसरीकडे, आणि जाता जाता त्यानं शेजारी ओळीनं लावलेल्या सातही सायकली हार-कुंकवासकट आडव्या केल्या. खांद्याजवळचं हाड मोडलं. त्या वर्षीचा त्याचा सीझन दसऱ्यालाच उघडला आणि दसऱ्यालाच मिटला. त्याला रिक्षात घातल्यावर हसूदादानं गडगडत गेलेलं लिंबू शोधून आणलं, नीट फिरवून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, ‘नजर केवढी मोठी असंल बघ. साधा फुटला पन नाय.’

पुढच्या वर्षापासून तो लिंबं आधी सुरीनं अर्धी करून ठेवायला लागला. रीत सोडायची मात्र नाही.

आशुतोषच्या हँडलवर एक छोटा डबा असतो. पायात किती ताकद आहे ते तो वॅटमध्ये दाखवतो. हसूदादाला त्या डब्याचं फार कौतुक.

‘किती झाला, आशू?’

‘दोनशे दहा वॅट, दादा.’

‘पंखा चालंल का?’

‘दोन-तीन चालतील.’

‘मंग घरी बसून चालव ना. बायकोला हवा तरी लागंल.’

हाच आशुतोष एकदा उरणहून परतताना रस्त्याच्या कडेला भिंतीला टेकून बसला. पाय उचलेनात, तोंड पांढरं पडलेलं. सकाळपासून त्यानं ट्यूबमधल्या दोन गोड चिकट जेलींवर भागवलं होतं. हसूदादानं पिशवीतून फडकं काढलं. त्यात बेबीवहिनीची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. आशुतोष जन्मात अंड्यालाही न शिवलेला.

‘यात सुकट हाय,’ हसूदादा म्हणाला. ‘नुसती भाकरी खा.’

आशुतोषनं भाकरीकडे पाहिलं, चटणीकडे पाहिलं आणि रस्त्याकडे पाहिलं. ‘आईला सांगू नका,’ म्हणाला, आणि सगळं चाटूनपुसून खाल्लं. त्यानंतर उरणची राईड ठरली की तो आदल्या दिवशी बेबीवहिनीला फोन करायला लागला. तब्येतीची चौकशी म्हणून.

हसूदादाच्या पुढे सायकल चालवणं म्हणजे रेडिओ लावून चालवणं. मागून अखंड आवाज यायचा. कुठल्या सिग्नलवर आज्याचा बैल चिखलात रुतला होता, कुठल्या टॉवरखाली मामाचं मिठागर होतं, कुठल्या मॉलच्या पार्किंगमध्ये त्याच्या बहिणीला साप दिसला होता. सेक्टरांचे नंबर त्याला पाठ होत नसत, बांध मात्र एकेक पाठ. पामबीच रस्त्याच्या कडेला हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरले की लोक मोठमोठे कॅमेरे लावून बसतात. हसूदादा त्यांच्याजवळ थांबून विचारायचा, ‘खायाला कसा लागतो?’ त्यातला एकही हसायचा नाही. तो मात्र पुढच्या सिग्नलपर्यंत हसत राहायचा.

त्याचा नियम एकच. ‘शेवटचा मानूस घरी पोचला की राईड संपते. तवर चालूच हाय.’ पंप, पंक्चरचं सामान आणि भाकरी त्याच्याकडे. कुणाचं काही बिघडलं तर तो मागून येणार, हे गृहीत. आठ वर्षांत आमच्यातल्या एकालाही त्यानं रस्त्यावर एकटं सोडलं नाही.

सातव्या सीझनच्या डिसेंबरात उरणच्या रस्त्याला आमची पहाट उजाडायची होती. पुढचे सहा जण बरेच पुढे गेलेले. मग मी, माझ्यामागे हसूदादा. बहिणीच्या हळदीत बँडवाल्यांनी कसा घोळ घातला ते तो सांगत होता. रस्ता वळला, मी वळले, आणि त्याचं बोलणं वाक्याच्या मधेच तुटलं. हसूदादा हा अर्धं वाक्य सोडणारा माणूस नव्हे. मी थांबले, मागे फिरले. वळणापाशी तो रस्ता सोडून सरळ खाली गेला होता. गुडघाभर चिखलात उभा, मेंढा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला.

‘दिवा कुठं हाय तुजा?’ तो माझ्यावरच ओरडला.

माझ्या सीटखालचा लाल दिवा विझला होता. आदल्या दिवशी चार्ज करायचा राहिला होता.

‘दिव्याचं काय दादा, वळण दिसलं नाही का?’

त्याला वर ओढून काढलं, कडेला बसवलं, पाय धुवायला माझी पाण्याची बाटली रिकामी केली. मग तो चिखल खरवडत हळूच म्हणाला, ‘मोतीबिंदू हाय. आमचे घरान्यात सगल्यांना व्हते. मधला दिसते बरा, कडेचा धुरकट. दोन वर्सं झाली. तुजा लाल दिवा बघून चालवतंय मी.’

म्हणजे आम्हाला सांभाळायला मागे राहणारा माणूस दोन वर्षं माझ्या शेपटीला धरून येत होता.

‘मग काढून टाका ना मोतीबिंदू!’

‘कच्चा कसा काढनार? पिकू दे. माजे बापाचा पिकवूनच काढला व्हता. सीझन झाला की दाखवतंय.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘बेबीला बोलू नको. सायकल बंद करंल ती.’

मी कबूल केलं. का केलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्याची दया आली, त्याचा शब्द मोडवेना, ही सगळी कारणं सांगता येतात आणि ऐकायला बरीही वाटतात. खरं कारण लाजिरवाणं आहे. ग्रुपात सगळ्यांत हळू मी. हसूदादा सगळ्यांत मागे असायचा म्हणजे माझ्यामागे असायचा. तो घरी बसला असता तर कंटेनरच्या ट्रेलरांपुढे शेवटची मी उरले असते. मला त्याची गरज होती, म्हणून मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी मोठा, झगझगीत असा दुसरा लाल दिवा आणून सीटखाली लावला आणि प्रश्न सुटला असं मानलं.

शिवरात्र झाली. हसूदादा म्हणाला, ‘लग्नं हाएत, हलदी हाएत, मंग बघू.’ लग्नं झाली. ‘आता पावसात डोला कापत नाय, पानी धरते.’ पाऊस गेला आणि दसरा आला. आठवा सीझन त्यानं माझ्या दोन दिव्यांवर काढला. मी रोज रात्री दोन्ही दिवे आठवणीनं चार्जिंगला लावायची आणि स्वतःला फार जबाबदार समजायची. गावात लोक कुजबुजायला लागले होते की हसूदादा शेठ झालाय, शेजारून गेलं तरी ओळख देत नाही. तेही मी ऐकलं आणि हसण्यावारी नेलं.

नवव्या दसऱ्याला देवळापुढे पूजेचं ताट मांडलेलं. बेबीवहिनी नारळाची शेंडी काढत होती. हसूदादा सुरी घेऊन लिंबं कापायला बसला. एक कापलं, दुसऱ्यासाठी हात ताटात फिरवायला लागला. लिंबू त्याच्या डाव्या गुडघ्याशेजारी, वीतभरावर. हात ताटभर फिरला, तांदळात गेला, कुंकवात गेला. आशुतोष हसून म्हणाला, ‘दादा, लिंबानं या वर्षी पण नजर काढली वाटतं.’ सगळे हसले. बेबीवहिनी हसली नाही. तिनं नारळ खाली ठेवला, लिंबू उचलून त्याच्या हातात दिलं आणि पूजा होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं की मोतीबिंदू पिकतो, काचबिंदू पिकत नाही, तो खात जातो. कडेकडेनं आत येतो. जेवढं खाल्लं ते परत मिळत नाही. उरलंय ते ऑपरेशन करून, औषध घालून राखायचं. आधी आला असतात तर पुष्कळ उरलं असतं.

मी भेटायला गेले. हसूदादा आत झोपला होता. बेबीवहिनीनं चहा पुढे ठेवला आणि विचारलं, ‘तुना म्हाईत व्हता?’

‘हो,’ मी म्हणाले. ‘दोन वर्षांपासून.’

मला वाटलं ती ओरडेल. मला ते बरं वाटलं असतं. ती दाराकडे बघत म्हणाली, ‘तो रोज तुजे मागं व्हता ना? मंग एकदा तरी मागं वलून बघायाचा व्हता, बाय.’

चहा मी संपवला, कारण टाकणं अजून वाईट दिसलं असतं. घरी येऊन रडले.

मेंढा आता त्यांच्या गॅलरीत हुकाला टांगलेला आहे. हसूदादाला समोर, अगदी नाकासमोर, नळीतून बघावं तेवढं दिसतं. त्याची खंत करत बसेल तर तो हसूदादा कसला. ऑपरेशननंतर तिसऱ्याच रविवारी तो काळा चष्मा लावून सकाळी आठला नाक्यावर हजर. हुकूम सुटला: परत येताना सगळ्यांनी मागचे लाल दिवे चालू ठेवायचे आणि टपरीसमोरून एकेकानं जायचं. आम्ही एकेक जायचो. तो टपरीला पाठ टेकून मान ताठ धरायचा आणि जाणारा दिवा नळीत पकडायचा. ‘येक. दोन. आशू, हलू. तीन.’ सात झाले की म्हणायचा, ‘संपली राईड,’ आणि चहाची ऑर्डर द्यायचा. शेवटचा दिवा माझा असायचा.

या शिवरात्रीला, सीझनच्या शेवटच्या राईडला, बेलापूरच्या पुढे माझं टायर बसलं. बाकीच्यांना मीच पुढे पाठवलं. पंक्चर मला काढता येतं, हसूदादानंच शिकवलं आहे. पण ट्यूब बदलली तर तीही बसली. आतला काचेचा तुकडा मी काढलाच नव्हता. दुसरी ट्यूब नव्हती, पहिलीचंच भोक शोधून चिकटवत बसले. बोनकोड्याच्या नाक्यावर पोचायला पावणेअकरा झाले. ऊन चढलेलं. सगळे कधीच घरी गेले असणार. मला वाटलं, नाका रिकामा असेल.

हसूदादा टपरीला पाठ टेकून उभा होता. टपरीवाला मला बघून म्हणाला, ‘ताई, आशुतोषसाहेब सांगून गेले याला, तुम्हाला उशीर होईल म्हणून. ऐकतच नाय. सहाच गेले म्हनतो.’

मी त्याच्या समोरून गेले. त्याची मान हलली नाही. मी थांबले, वळले, परत गेले.

‘दादा.’

‘कोन?’

‘मी. बाय.’

‘दिवा कुठं हाय तुजा?’ तोच आवाज, चिखलातला.

‘लागलाय दादा. दोन्ही लागलेत. ऊन आहे ना, दिसत नाहीत.’

त्यानं हात पुढे केला. मी सायकल त्याच्याजवळ नेली. त्यानं हँडल चाचपलं, दांडा चाचपला, सीटखाली हात घातला आणि मोठ्या दिव्यावर पंजा धरला. पंज्याच्या सावलीत बोटांमधून लाल उजेड दिसायला लागला. त्यानं मान खाली घालून, अगदी जवळून, तो नीट बघितला.

‘हा,’ तो म्हणाला. ‘सात.’

चहा घ्या म्हटलं तर नको म्हणाला, बेबी जेवायला थांबली असेल. मी सायकल हातात धरून चालायला लागले. मागून त्यानं सीट धरली आणि मला पुढे घालून चालू लागला. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आज्याचा बैल सुरू झाला होता. बैल मला पाठ आहे. तरी मी एकदा मागे वळून बघितलं. काळा चष्मा, कानटोपी, फुलाफुलांची बर्म्युडा. थोडं पुढे जाऊन पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा वळले तशी त्याच्या हाताखालची सीट हलली असावी, कारण बैल चिखलात अर्धा ठेवून तो माझ्यावर खेकसला.

‘पुढं बघ, बाय. पडशील.’